गाठ कळण्याआधीचं ताट

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. कॅन्सर कळण्याआधी माणूस काय खात होता, त्यावर पुढे तो किती जगणार हे ठरतं का? पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत. उत्तरं कर्करोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

माझ्या सासूबाईंना मार्चमध्ये स्तनाचा कॅन्सर निघाला. वय ६१. आयुष्यभर ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी. बाहेरचं कधी तोंडात घातलं नाही. मोबाईलवर मेसेज आलाय की आधीचा आहार चांगला असेल तर पेशंट जास्त जगतो. नणंद म्हणते, घरात तेलाचा हात सैल होता म्हणून झालं. स्वयंपाक मी करते. यात खरं किती? — एक सून, जिंतूर

ताई, आधी तेलाचं बोलू. फोडणीच्या तेलाने अमुक बाईला स्तनाचा कॅन्सर झाला, असं जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. पाळी किती वर्षांची असताना आली, कधी गेली, पहिलं बाळंतपण कोणत्या वयात झालं, पाळी गेल्यावर वजन किती वाढलं, आई-मावशीला होता का, असे कितीतरी धागे त्यात असतात आणि काही कधीच सापडत नाहीत. नणंदबाईंना एवढंच सांगा.

आता मेसेजचं. त्यामागे खरे अभ्यास आहेत, पण मेसेज करणाऱ्याने त्यांचं टोक तेवढं उचललंय. यातला सगळ्यात वजनदार प्रयोग अमेरिकेतला, वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा. १९९३ पासून ५० ते ७९ वयाच्या, पाळी गेलेल्या ४८,८३५ बायका त्यात घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला जेवणातली चरबी कमी करून भाज्या, फळं, धान्य वाढवायला शिकवलं. दुसरा गट नेहमीसारखं खात राहिला. हे साडेआठ वर्षं चाललं. त्या काळात १,७६४ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. निदानानंतर दहा वर्षांनी पाहिलं तर आहार बदललेल्या गटातल्या शंभरपैकी ८२ जणी हयात होत्या, नेहमीचं खाणाऱ्यांपैकी ७८.

म्हणजे शंभरात चार. हा फरक खरा आहे, पण मेसेज वाचून वाटतो तेवढा नाही. त्यातला चांगला वाटा तर हृदयविकाराने कमी बायका गेल्या याचा होता. शिवाय आहार बदललेल्या गटाचं वजनही थोडं उतरलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणी निदानानंतरही तेच जेवण जेवत राहिल्या, त्यामुळे श्रेय 'आधीच्या' ताटाचं किती आणि 'नंतरच्या' ताटाचं किती, हे सुटं करता येत नाही.

दुसरं असं, की त्या बायकांच्या जेवणातल्या एकूण ऊर्जेपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चरबीतून येत होती. भाकर, घट्ट वरण आणि अंबाडीची भाजी या जेवणात एवढी चरबी मुळातच नसते. त्यांनी जे सोडलं ते तुमच्या घरात कदाचित कधी आलंच नसेल. तरी मनाची शंका जाण्यासाठी हिशेब करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या शिफारशीत २००० कॅलरीच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा साडेतीन महिन्यांच्या वर टिकत असेल, तर हात सैल नाही. दोन महिन्यांत संपत असेल, तर आहे, आणि तो आवरायचा तो हृदयासाठी.

बाकी कॅन्सरांचं चित्र मिश्र आहे. अंडाशयाच्या कॅन्सरच्या ६३६ बायकांमध्ये निदानाच्या किमान वर्षभर आधी ज्यांचा आहार चांगला होता, त्यांच्यात मृत्यू सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसले. पण हा फायदा मुख्यतः ज्यांना मधुमेह नव्हता आणि ज्यांची कंबर सुटलेली नव्हती, त्यांच्यात. उलट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये युरोपातल्या दहा देशांच्या मोठ्या अभ्यासात निदानाआधी मांस किती, चोथा (फायबर) किती, याचा पुढच्या जगण्याशी संबंध सापडलाच नाही. तोच चोथा निदानानंतर वाढवला तर अमेरिकेतल्या १,५७५ पेशंटमध्ये दर ५ ग्रॅममागे आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू २२ टक्क्यांनी कमी दिसले. एकच पदार्थ, पण प्रश्न 'आधी'चा की 'नंतर'चा यावर उत्तर बदलतं.

असे अभ्यास वाचताना एक खोट कायम ध्यानात ठेवावी लागते. चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग क्वचितच असतो. बहुतेक वेळा लोकांना विचारलेलं असतं, 'गेल्या वर्षी हे किती वेळा खाल्लं?' निदानानंतर विचारलं तर माणूस आठवणीतच ताट बदलतो. रोगही गुपचूप ताट बदलत असतो. जठराच्या कॅन्सरचा पेशंट निदानाआधी कितीतरी महिने मटणाचा वास सहन होत नाही म्हणून ते सोडतो, आणि कागदावर तो 'कमी मांस खाणारा' ठरतो. शिवाय भाज्या-फळं जास्त खाणारा माणूस बहुधा पैसे बाळगून असतो, तंबाखू कमी खातो आणि दवाखान्यात लवकर जातो. यातलं नेमकं कशामुळे तो जास्त जगला, हे गणिताने पूर्ण वेगळं करता येत नाही.

दवाखान्यात लवकर जाण्याचं वजन ताटापेक्षा किती मोठं असतं, हे मराठवाड्यानेच जगाला दाखवलंय. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरला कारण असलेल्या विषाणूची, चाचणी झाली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ताटातल्या बदलाने एवढा फरक पडलेला आमच्या पाहण्यात नाही.

सासूबाईंच्या फाईलमध्ये स्टेज आणि ईआर, पीआर, हर-टू या गाठीवरच्या तपासण्यांचे निकाल लिहिलेले असतील. पुढचं सगळं त्या ओळींवर आणि उपचार वेळच्या वेळी पुरे होण्यावर जास्त ठरतं. त्यांची भाकर-वरण चालू ठेवा. केमोच्या दिवसांत वरण पातळ नको, घट्ट हवं, आणि रोज दोन अंडी किंवा दोन वाट्या दही त्यात धरा.

मी सोयाबीन पिकवतो, पण घरात खात नाही. बायकोच्या छातीतली गाठ काढली, आता गोळ्या चालू आहेत. कुणी म्हणतं सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन असतं, वडी सुद्धा देऊ नका. कुणी म्हणतं चीनमध्ये सोयाबीनमुळेच बायका वाचतात. — एक शेतकरी, ता. औसा

दादा, सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाचे घटक असतात. त्यांची ठेवण इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी असली तरी शरीरात ते इस्ट्रोजेनसारखं काम करतातच असं नाही. भीती आली ती उंदरांवरच्या प्रयोगांतून. माणसांमध्ये पाहिलं तेव्हा उलटं दिसलं. शांघायमध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून सुटलेल्या ५,०४२ बायकांचा अभ्यास २००९ मध्ये आला. निदानानंतर सोयाबीन जास्त खाणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि गाठ परत येणं, दोन्ही कमी होतं. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनचं काम रोखणारी गोळी) घेणाऱ्यांतही तोटा दिसला नाही. त्याच शहरात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ४४४ बायकांमध्ये निदानाआधी सोयाबीन जास्त खाणाऱ्या जास्त जगल्याचं २०१३ मध्ये छापून आलं.

पण 'सोयाबीनमुळे वाचतात' हे वाक्य तिथेही कुणी लिहिलेलं नाही. तिथल्या बायका लहानपणापासून टोफू आणि सोयादूध खातात. वयाच्या पन्नाशीत लातूरच्या बाजारातून वडीचं पाकीट आणलं म्हणजे तेच झालं, असं धरता येणार नाही. आमचं मत असं: अन्न म्हणून बिनधास्त द्या, औषध म्हणून नको. आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल आणि प्रोटीन पावडरचे डबे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

घरच्या दाण्याचं काय करायचं ते सांगतो, कारण चूक तिथेच होते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. दाणे नुसते गिरणीत गव्हात मिसळून दळले तर पोट फुगतं, हगवण लागते, आणि घरचे म्हणतात सोयाबीन बाधलं. बाधतं ते कच्चेपण. दाणे निवडून रात्रभर भिजवा. सकाळी चोळून साल काढा, पाणी फेका. नव्या उकळत्या पाण्यात टाकून २५ ते ३० मिनिटं उकळा, निथळा आणि कडक उन्हात खुळखुळेपर्यंत वाळवा. मग नऊ किलो गव्हाला किंवा ज्वारीला एक किलो हे प्रमाण ठेवून दळा. एकाहून जास्त टाकलं की भाकरी थापताना चिरते आणि पिठाला वास मारतो. पिठात तेल असतं म्हणून ते लवकर खवट होतं. एकावेळी पंधरा दिवसांचंच दळा.

वडी असेल तर कोरड्या ३० ग्रॅममध्ये, म्हणजे मोठी मूठभर, १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळा, मग येसराच्या आमटीत सोडा.

माझा भाऊ ४२ वर्षांचा, वीस वर्षं गुटखा. डाव्या गालात जखम, बायोप्सीत कॅन्सर. चार महिन्यांत वजन ६४ वरून ५६. तिखट सोसत नाही म्हणून भाकर सुटली, आता पेज, नारळपाणी, ग्लुकोज यावर आहे. ऑपरेशन तीन आठवड्यांनी. आधी नीट खाल्लं नाही, आता खाऊ घालून काय उपयोग? — गेवराई

उपयोग आहे. या पानावरच्या सगळ्या पत्रांत सगळ्यात जास्त उपयोग इथेच आहे, म्हणून लांब लिहितो आहोत.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डोकं आणि गळ्याच्या कॅन्सरच्या ५४२ पेशंटांना उपचाराआधीच्या आहाराबद्दल विचारलं. भाज्या, फळं, मासे, कोंबडी, सालीसकट धान्य असं खाणारे पुढे जास्त जगले. वाचायला छान वाटतं. पण ज्याचं तोंड उघडतं तोच भाजी चावू शकतो, आणि तोंड उघडतं म्हणजे बहुधा गाठ लहान आहे. तेव्हा त्या आकड्यावर भाऊ गेली वीस वर्षं काय जेवला याचा हिशेब मांडत बसू नका. निदानाच्या दिवशी अंगात किती मांस शिल्लक आहे, हे मात्र मोजता येतं आणि तीन आठवड्यांत सावरताही येतं.

६४ वरून ५६, म्हणजे साडेबारा टक्के वजन गेलं. सहा महिन्यांत पाच टक्क्यांच्या वर गेलं तरी आम्ही सावध होतो. अशा शरीरात टाके उशिरा भरतात, जंतुसंसर्ग होतो, केमोचा डोस कमी करावा लागतो आणि शेक (रेडिएशन) मध्येच थांबवावा लागतो. शेकाचे दिवस तुटले की गाठीला सवड मिळते. जगण्यावर परिणाम होतो तो या वाटेने.

आता तो खातोय ते पाहा. तांदळाच्या पेजेच्या पेल्यात ७०-८० कॅलरी आणि प्रथिनं दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. नारळपाण्यात त्याहून कमी. ग्लुकोज म्हणजे नुसती साखर. साबुदाण्याची खीर दिली जाते, पण साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. घरच्यांना वाटतं दिवसभर काहीतरी पोटात जातंय, आणि माणूस आतून वाळत जातो.

५६ किलोला रोज साधारण १,७०० कॅलरी आणि ६७ ते ८४ ग्रॅम प्रथिनं लागतील. चावायला न लागणारा एक पेला असा करा. ३० ग्रॅम फुटाण्याच्या डाळ्याचं बारीक पीठ, म्हणजे तीन भरगच्च चमचे, थोड्या गार दुधात गुठळी न होता कालवा. म्हशीचं साईसकट २५० मिली दूध उकळून त्यात ते ओता, दोन-तीन मिनिटं ढवळत शिजवा. भाजलेल्या शेंगदाण्याचं १५ ग्रॅम कूट मिक्सरमध्ये लोणी होईपर्यंत फिरवून घाला. एक चमचा तूप. कोमट झाल्यावर तीन चमचे साखर. गूळ घालायचाच तर पूर्ण निवल्यावर, गरम दुधात दूध फाटतं. शेवटी गाळणीतून काढा, कारण जखमेत कुटाची कणी अडकली की आग होते आणि पुढचा पेला तो घेत नाही. या एका पेल्यात साधारण ५५० कॅलरी आणि १८-१९ ग्रॅम प्रथिनं जातात. दिवसातून तीन पेले, आणि तुरीच्या घट्ट वरणात फेटून पूर्ण शिजवलेली दोन अंडी, एवढ्यात हिशेब बसतो. अंडं कच्चं नको. दूध बाधत असेल तर ज्वारीची आंबील दह्यात, वर तूप, आणि डाळ्याचं पीठ दुप्पट. मिरची, काळा मसाला, लिंबू, चिंच बंद. मीठही बेताचं. कढत काही नको.

पण पहिल्या दिवशीच तीन पेले देऊ नका. एवढं वजन उतरलेल्या आणि बरेच दिवस पेजेवर असलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना या तिन्हींच्या तपासण्या करायला आणि बी-वन जीवनसत्त्वाबद्दल विचारा. पहिले तीन-चार दिवस निम्मं द्या, मग वाढवा.

बसवून, हनुवटी किंचित खाली करून, घोट-घोट. पिताना ठसका लागत असेल, आवाज ओला येत असेल तर थांबा. अन्न श्वासनलिकेत जातंय. मग नाकातून पोटात जाणारी नळी, रायल्स ट्यूब, घालणं हाच सुरक्षित मार्ग, आणि ते शेवटचं पाऊल नव्हे. ट्यूबमधून एकावेळी २०० ते २५० मिली, कापडातून गाळून, पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू. आधी आणि नंतर ३० ते ५० मिली साधं पाणी. हे पाणी विसरलं की दाण्याच्या कुटाने नळी बुजते आणि पुन्हा बीड गाठावं लागतं. नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही.

तोंड किती उघडतं ते पाहा. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर ते आत्ताच सर्जनला सांगा, भूल देताना त्याला ते माहीत असावं लागतं. पुढे शेक द्यायचा असेल तर किडके दात आधी काढायचे आणि जखम भरायला दहा-चौदा दिवस ठेवायचे. हे तीन आठवडे त्यालाही लागणार आहेत. गुटखा आजपासून बंद. राज्यात २०१२ पासून बंदी असूनही पुडी कुठे मिळते हे त्याच्या दोस्तांना माहीत आहे. त्या दोस्तांना बजावून ठेवा.

वजन दर तीन दिवसांनी, सकाळी, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत करा आणि कागदावर लिहून न्या. ज्या दवाखान्यात ऑपरेशन आहे तिथल्या आहारतज्ज्ञाला तो कागद दाखवा.

साखर बंद केली की गाठ उपाशी मरते का? — माजलगाव

नाही. पेट स्कॅन नावाच्या तपासणीत गाठ साखर ओढून घेताना चमकते, तिथून हा समज पसरला. पण साखर तोंडाने बंद केली तरी शरीर डाळीतून, भाकरीतून आणि शेवटी स्वतःच्या स्नायूंतून ग्लुकोज तयार करतंच. उपाशी राहतो तो पेशंट. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायलाच हवी. ते कारण वेगळं, आणि त्यात गूळ ही साखरच धरायची.

आईला ५४ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, ती गेली. मी ४६ चा आहे. मला आज काही त्रास नाही. उद्या झालाच तर तग धरता यावा, यासाठी ताटात काय, किती, हे ग्रॅममध्ये सांगा. रेशनच्या तांदळामुळे घरात आता भाकरी एकाच वेळेला होते. — उदगीर

ताटाआधी एक काम. आई-वडिलांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. तुमच्यासाठी ते वय चाळीस होतं. सहा वर्षं झाली. भावंडांनाही सांगा.

मोठ्या आतड्यासाठी ताटातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चोथा, आणि तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य नेमकं तिथेच येतं. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा, बाजरीत साडेअकरा, पॉलिशच्या तांदळात तीनसुद्धा नाही. एक भाकरी साधारण ७५ ग्रॅम पिठाची धरली तर दोन भाकरींतून १५ ग्रॅम मिळतो. तेवढाच भात खाल्ला तर चार. रेशनचा तांदूळ फेका असं आम्ही म्हणणार नाही, पण भात रात्रीचा मूठभर आणि भाकरी दोन्ही वेळेला, असं उलटं करा. गव्हाचं पीठ चाळून कोंडा म्हशीला घालता तोही थांबवा.

दिवसाला डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम, सगळी तूरडाळ नको. ४० ग्रॅम सालीसकट मूग, मटकी किंवा हुलगे, बाकी तूर. साल काढलेल्या तूरडाळीत ९ टक्के चोथा, अख्ख्या मुगात १७, अख्ख्या हरभऱ्यात २५. भाज्या मिळून ४०० ग्रॅम, त्यात १०० ग्रॅम पालेभाजी. एप्रिल-मे महिन्यांत भाजी महाग आणि वाळलेली येते तेव्हा मोड आलेली मटकी, गवार, कांदा, गंगाफळ यांनी भर काढा. हिवाळ्यात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला असेल तर उत्तमच. शेंगदाणे, जवस, तीळ मिळून ३५ ग्रॅम. ठेचा चालेल, पण त्याला भाजीत मोजू नका.

असं जेवण सहज ३० ग्रॅमच्या वर चोथा देतं. जागतिक आरोग्य संघटना किमान २५ म्हणते. आठ दिवसांत एकदम वाढवला तर वायू धरतो आणि माणूस कंटाळून सोडतो. दर आठवड्याला थोडा वाढवा, पाणी वाढवा.

मटणाचं विचारलं नाहीत, तरी उत्तर देतो. आठवड्याला शिजलेलं ५०० ग्रॅम एका माणसाला, ही वरची मर्यादा. रविवारच्या रश्श्याने ती ओलांडत नाही. सॉसेज-सलामीसारखं टिकवलेलं मांस वेगळं, रोजच्या ५० ग्रॅममागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. दारू कमी नव्हे, बंद. आणि कंबर ९० सेंटिमीटरच्या आत. वर अंडाशयाच्या अभ्यासाबद्दल लिहिलं ते पुन्हा वाचा: चांगल्या ताटाचा फायदाही सुटलेल्या कंबरेत फारसा दिसला नाही.

घरची हळद आहे. मुलगा म्हणतो हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर कॅन्सर होत नाही, झाला तरी लवकर बरा होतो. — वसमत

स्वयंपाकातली हळद खुशाल खा. कॅप्सूल ही वेगळी वस्तू. हळदीतलं मुख्य तत्त्व, कर्क्युमिन, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात, आणि मग ते इतकं शोषलं जातं की काही जणांच्या यकृताला सूज आली आहे. केमो चालू असताना यकृत बिघडलं तर केमोच थांबते. भाजीपाल्यातलं चांगलं तत्त्व काढून गोळीत भरलं की फायदा होतोच, ही समजूत फिनलंडमध्ये महागात पडली आहे. २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या प्रयोगात बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त झाला, असं १९९४ मध्ये दिसलं. ऑपरेशन ठरलेलं असेल तर घरात चालू असलेल्या सगळ्या कॅप्सूल, काढे आणि भस्मं पिशवीत घालून भूलतज्ज्ञापुढे ठेवा.

काढणीत पाऊस झाला, भुईमुगाच्या शेंगा काळ्या पडल्या. भाजून खाल्ल्या तर चालतील का? तेल काढलं तर? — कळमनुरी

भाजल्याने बुरशी मरते, तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष जात नाही. ते यकृताच्या कॅन्सरचं ठरलेलं कारण आहे, आणि कावीळ-बीचा संसर्ग असलेल्या माणसात त्याचा धोका कैक पटींनी वाढतो. हिरवट-काळी भुकटी लागलेले, सुरकुतलेले, फुटके आणि कडू लागणारे दाणे हाताने निवडून काढा. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत साठलेलं असतं, म्हणून निवडणं खरोखर कामाला येतं. लाकडी घाण्याच्या न शुद्ध केलेल्या तेलात ते उतरतं, तेव्हा अशा शेंगांचं घाण्याचं तेल घरासाठी नको. उरलेल्या चांगल्या शेंगा हलवल्यावर खुळखुळतील इतक्या वाळवा, ताडपत्रीवर, मातीत नको. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. निवडून काढलेले दाणे आणि त्यांची पेंड म्हशीच्या आंबोणात टाकू नका, ते दुधातून परत घरात येतं. खड्डा करून पुरा.